वजनात बसणारे घर

सुटीच्या दिवशी गाडी काढायची, वाट फुटेल तिकडे जायचे आणि रात्र झाली की गाडीतच पाठ टेकायची, ही हौस आता आपल्याकडेही मूळ धरू लागली आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या एखाद्या सोसायटीच्या आवारात रविवारी सकाळी व्हॅन दारे उघडून उभी असते. आत कुणीतरी टेप घेऊन मापे घेत वाकलेले असते, बाहेर प्लायवुडचा तुकडा भिंतीला टेकवलेला असतो. येणारा-जाणारा विचारतो, "काय, दुकान टाकताय का?" दुकान नसते ते. चार चाकांवर झोपायची खोली तयार होत असते. श्रोतेहो, अशी खोली घरच्या घरी कशी करावी, तिच्यात काय ठेवावे, काय ठेवू नये आणि कायदा काय म्हणतो, याविषयी आज बोलायचे आहे.

हे सांगणारा माणूस इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा असा मी. पण गरज माणसाला पाना-पक्कड हातात धरायला लावते. आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या जुन्या घराचे छप्पर गेले, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. अब्बांनी लावलेली झाडे होती ती. घर पुन्हा उभे करण्याइतके पैसे हाताशी नव्हते, पण सुपारीची रोपे लावता येत होती. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि पहिली काही वर्षे तिच्याकडे सतत लक्ष द्यावे लागते. म्हणजे महिन्या-दीड महिन्याने गावी जाणे आलेच. नातेवाइकांची दारे उघडी होती, पण माझी पत्नी म्हणाली, "पाहुणा वर्षातून एकदा बरा. दर महिन्याला गेलो तर त्यांनी आपल्याला काय म्हणायचं?" वाडीपर्यंतचा शेवटचा रस्ता लाल मातीचा, दोन चाकोऱ्यांचा. तिथे जाऊन दोन रात्री राहता येईल असे काहीतरी हवे होते. म्हणून एक जुनी व्हॅन घेतली.

राहते घर सोबत घेऊन फिरणे आपल्याला नवे नाही. आषाढी वारीत दिंडीबरोबर चालणारा ट्रक पाहा. तंबू, भांडी, शिधा, अंथरुणे असा शंभर माणसांचा संसार त्यात असतो. तमाशाचे फड वर्षानुवर्षे असेच गावोगाव हिंडत आले. आणि मुंबईकराला तर लहान जागेत राहण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. पलंगाखाली ट्रंका, दारामागे घडीची खुर्ची आणि रात्री जमिनीवर गाद्या, ही विद्या आपण चाळीतून आणि एका खोलीच्या घरातून शिकलेलो आहोत. फरक एवढाच की चाळीतली खोली हलत नाही. व्हॅनमधली खोली हलते, चढते, उतरते आणि खड्ड्यातून उसळते. सगळा हिशेब तिथे बदलतो.

आपल्याकडे अशा कामासाठी लोक बहुधा मारुतीची ऑम्नी किंवा ईको निवडतात. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिला ऑम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ईको २०१० पासून बाजारात आहे. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या आसनांखाली असते, ताकद मागच्या चाकांना मिळते आणि दारे सरकती असतात. सरकते दार अरुंद जागेतही पूर्ण उघडते, आणि पाठीमागे ऐसपैस चौकोनी जागा मिळते. ज्यांना उभे राहता येईल एवढी उंची हवी, ते फोर्सची ट्रॅव्हलर घेतात. पण ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल का, हे आधी मोजावे. जुनी गाडी घेताना नोंदणीची मुदतही पाहावी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. मी गाडी शोधताना एक अट ठेवली होती. मागच्या आसनाची पाठ पुढे पाडता आली पाहिजे. ती का, ते कायद्याच्या भागात सांगतो.

आता मुख्य गोष्ट. व्हॅनचे घर करताना लोक रुपयांचा हिशेब करतात. तो करावाच, पण त्याआधी किलोंचा हिशेब करावा. रिकाम्या गाडीचे वजन नोंदणीच्या कागदावर असते. माणसे आणि सामान धरून ती जास्तीत जास्त किती वजन पेलू शकते, ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असते. या दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे आपल्या वाट्याचे वजन. लहान व्हॅनमध्ये ते पाच-साडेपाचशे किलोंच्या घरात जाते. ऐकायला भरपूर वाटते. आता भरून पाहू.

सुताराला बोलावले तर तो घरातल्या कपाटाच्या सवयीने १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड सुचवतो. आठ बाय चार फुटांची अशी एक फळी साधारण ३७ किलो भरते. दोन फळ्या लागल्या की झाले ७५ किलो. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी मोठी ट्यूब्युलर बॅटरी घेतली तर ६० किलो आणि इन्व्हर्टरचे १० किलो. स्वयंपाकाचा १४.२ किलोंचा सिलिंडर भरलेला असताना ३० किलोंच्या आसपास जातो. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. गाद्या, कपडे, भांडी ४० किलो. हत्यारे, दोर, फावडे २० किलो. आणि आपण दोघे मिळून १४० किलो. बेरीज ४१५ किलो झाली, आणि अजून कुणी मित्र सोबत घेतलेला नाही. गाडीत सीएनजीची टाकी असेल तर तिचे आणखी साठेक किलो धरा.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेने. १२ मिलिमीटरची एकच फळी, २५ किलो. ४० अँपिअर अवरची लिथियम बॅटरी, ६ किलो. इन्व्हर्टर नाही. पाच किलोंचा छोटा सिलिंडर, भरलेला १२ किलो. पाणी तेवढेच, कारण पाण्यात काटकसर करता येत नाही. अंथरूण-भांडी ३० किलो, हत्यारे २० किलो, आपण दोघे १४० किलो. बेरीज २७३. म्हणजे १४२ किलो वाचले. दोन माणसे गाडीतून खाली उतरावीत तसे.

उर्दूत शेराच्या छंदाला वजन म्हणतात. ओळीत एक मात्रा जास्त झाली की अर्थ कितीही सुंदर असो, ती ओळ अडखळते. मग कवी आवडता शब्द काढून टाकतो आणि ओळ चालू लागते. गाडीचे तसेच आहे. माझ्या ओळखीचे एक मेस्त्री कुर्ल्यात गाड्यांच्या खालच्या भागाचे काम करतात. ते मला म्हणाले, "शायरसाहेब, तुम्ही जे आत टाकाल ते गाडी चढणीला ओढणार. आणि उतरणीला तेच सामान गाडीला ढकलणार." घाट चढताना गाडी दमली तर आपण थांबू शकतो. उतरताना जास्तीचे वजन ब्रेक तापवते, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा एसटीच्या चालकांचा जुना रिवाज आपणही पाळावा.

वजन किती, याइतकेच ते कुठे ठेवले याला महत्त्व आहे. जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे असाव्यात. छपरावर पाण्याची टाकी, जादा टायर आणि पेट्या लादलेली व्हॅन छायाचित्रात रुबाबदार दिसते. पण ही गाडी मुळात अरुंद आणि उंच. वर भार आला की नागमोडी वळणावर ती बाहेरच्या अंगाला कलते. माझ्या छपरावर काहीही नाही.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी गाडी पूर्ण रिकामी करून धुवावी. जमिनीवरचा रबरी गालिचा उचलून पत्रा पाहावा. मुंबईच्या दमट हवेत गंज नेहमी गालिच्याखाली लपलेला असतो. तो घासून काढून, त्यावर गंजरोधक लावून मगच पुढे जावे. त्यानंतर सुताराकडे न जाता किराणा दुकानातून मोठी खोकी आणावीत आणि पुठ्ठ्याचा पलंग, पुठ्ठ्याच्या पेट्या करून गाडीत ठेवाव्यात. त्यावर झोपून पाहावे, कूस बदलून पाहावी, दार आतून उघडून पाहावे. पुठ्ठा कापायला पैसे पडत नाहीत. मापे नक्की झाली की मग प्लायवुड. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मापाप्रमाणे कापून मिळते. पाण्यात टिकणारे, आयएस ७१० अशी मोहोर असलेले मरीन प्लाय मागावे. पावसाळ्यात साधे प्लाय फुगते.

पलंगाची चौकट मी ॲल्युमिनियमच्या पोकळ चौकोनी नळ्यांची केली. वर प्लायच्या आडव्या पट्ट्या, मधे बोटभर फटी. सलग फळीपेक्षा वजन कमी होते आणि गादीखाली हवा खेळती राहते. चौकट दोन तुकड्यांत आहे. मागचा तुकडा सामानाच्या जागेवर बसतो. पुढचा तुकडा दिवसा त्यावर दुमडलेला असतो, रात्री आसनाची पाठ पाडून तिच्यावर पसरतो. आत ताठ बसता येत नाही, डोके छपराला लागते. पण आम्ही आत फक्त झोपतो. बसणे, खाणे, गप्पा मारणे हे सगळे मागचे दार वर उचलून त्याच्या सावलीत होते. प्रत्येक वस्तू पट्ट्याने बांधलेली हवी. अचानक ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आतली सुटी वस्तू थांबत नाही. वीस किलोंचा पाण्याचा कॅन मागून येऊन मानेवर आदळला तर काय होईल, याची कल्पना करा आणि पट्टे विकत घ्या.

विजेचा हिशेब शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. वॉट गुणिले तास. २० वॉटचा छोटा पंखा आठ तास चालला तर १६०. पाच वॉटचे दोन दिवे चार तास, ४०. दोन मोबाइल, ३०. एका रात्रीचे २३० वॉट-तास, दोन रात्रींचे ४६०. १२.८ व्होल्टची ४० अँपिअर अवरची लिथियम बॅटरी ५१२ वॉट-तास साठवते. तिच्यातले नव्वद टक्के वापरले तरी दोन रात्री निघतात. छोटा फ्रिज ठेवला तर तो एकटाच दिवसाला साडेतीनशेच्या पुढे खाईल, म्हणजे पंखा, दिवे आणि मोबाइल यांच्या बेरजेपेक्षा जास्त. बर्फाची पेटी स्वस्त पडते. आपल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये सहसा प्लग नसतो. म्हणून बॅटरी एका पेटीत घालून घरी नेता येईल अशी केली, की घरच्या भिंतीवरच चार्ज होते. ज्यांना सोलर पॅनेल हवे त्यांनी घ्यावे, पण आषाढात त्याच्यावर विसंबू नये.

एक गोष्ट मात्र कधीही टाळू नये. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवा. गाडी हादरते, वायर पत्र्याच्या कडेला घासते, वरचे रबर झिजते आणि वायर पत्र्याला टेकते. फ्यूज असेल तर तो जळतो. नसेल तर वायर जळते, आणि वायरीच्या शेजारी आपली गादी असते. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे बसवा. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावू नका.

पाणी वीस-वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये. मोठी टाकी बसवली की अर्धवट भरलेले पाणी वळणावर हेलकावे खाते आणि टाकी धुताही येत नाही. चूल बाहेर. हा नियम आमच्या घरात पत्नीने केला आणि तो मोडायची कुणाला मुभा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका पलंगाखाली. सीएनजी हलका, तो छपराशी जमतो. बंद गाडीत दोन्ही घातक. सीएनजीची टाकी असेल तर तिची तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नये.

आणि शौचालय? व्हॅनविषयी बोलणारे पुरुष हा विषय टाळतात. माझ्या पत्नीचा पहिला प्रश्न तोच होता. लहान गाडीत ते बसवण्याचा आटापिटा करू नये. मुक्काम अशा ठिकाणी करावा जिथे एखाद्या घराचे किंवा हॉटेलाचे शौचालय विचारून, पैसे देऊन वापरता येते. आमच्या वाडीत आम्ही घर बांधण्याआधी शौचालय बांधले.

आता हवा. गाडी उन्हात तापते म्हणून लोक आतून सगळीकडे फोम चिकटवतात. छपराला तो जरूर लावावा. पण कोकणात आणि मुंबईत त्याहून मोठा शत्रू दमटपणा आहे. दोन झोपलेल्या माणसांच्या श्वासा-घामातून रात्रभरात अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जाते. काचा बंद असतील तर ते पत्र्यावर जमते आणि फोमच्या मागे गंज चढतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे उघड्या, त्यांवर डासांची जाळी आणि हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा, ही व्यवस्था हवीच.

ही केवळ सोयीची गोष्ट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरावानमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. रात्री वातानुकूलनासाठी जनित्र चालू ठेवलेले होते, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात आढळले. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. त्यामुळे इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे, आत कोळशाची शेगडी ठेवणे, जनित्र गाडीला लावून ठेवणे, या तिन्ही गोष्टींना साफ मनाई. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. फ्रिजवर खर्च करण्याआधी ते घ्या.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. छप्पर कापून उंच करणे, आसने कायमची काढणे, पलंग आणि ओटा गाडीच्या सांगाड्याला जोडणे, या गोष्टी त्या कक्षेत येऊ शकतात. पुढे लोखंडी बुलबार लावण्यावरही २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राने बंदी घातली आहे. तो समोरच्या पादचाऱ्याला घातक ठरतो आणि धडकेत एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो.

ज्यांना खरेखुरे कॅरावान हवे त्यांच्यासाठी एआयएस-१२४ नावाचे मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता घेऊन बांधलेली गाडी मोटार कॅरावान म्हणून नोंदवता येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरावान पर्यटनाचे धोरणही आणले. पण घरच्या घरी, रविवारच्या सुटीत काम करणाऱ्याने एकच सूत्र धरावे. जे आत जाईल ते सामान म्हणून जावे आणि सामान म्हणून बाहेर यावे. मागचे आसन न काढता, त्याची पाठ पाडून वर चौकट ठेवण्याचा आग्रह मी धरला तो यासाठी. आमची सगळी खोली पाऊण तासात बाहेर निघते आणि सोमवारी गाडी पुन्हा गाडी होते. एखादा बदल बसतो की नाही याची शंका असेल तर अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा, जे आपले परिवहन कार्यालय असेल तिथे लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर झालेला खुलासा कुणी ऐकत नाही.

शेवटी आडवाटेविषयी. परदेशी चित्रांत व्हॅन वाळवंटातून, नदीतून धावताना दिसते. त्या गाड्यांची चारही चाके ओढणारी असतात. आपल्या व्हॅनची दोनच ओढतात आणि पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर असते. तेव्हा आपली आडवाट म्हणजे बैलगाडीची वाट, शेताचा बांध, जांभ्या दगडाची चढण. मोठे टायर आणि उंच स्प्रिंगा बसवण्यापेक्षा कंपनीने ठरवलेल्या मापाचे, भार पेलणारे नवे टायर घालावेत, जादा चाकात हवा असावी आणि हवेचा छोटा पंप सोबत ठेवावा. दोन फळ्या, फावडे, मजबूत दोर हवेत. जॅकखाली ठेवायला जाड प्लायचा फूटभर चौकोन असावा, नाहीतर ओल्या मातीत जॅक खाली जातो आणि गाडी तिथेच राहते. अनोळखी वाट आधी पायी चालून पाहावी. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. फूटभर खोल प्रवाहही लहान गाडीला ढकलून नेऊ शकतो. समुद्राच्या पुळणीवर तर व्हॅन उतरवूच नये. ओली वाळू टणक दिसते, पण चाक एकदा फिरले की खोल जाते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. किनाऱ्यावरून परतल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. खारट वारा पत्रा खातो. जंगलखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नये, खाजगी जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय थांबू नये आणि आपला कचरा आपल्याच गाडीतून परत आणावा.

हे सगळे झाले की लगेच लांबचा बेत आखू नका. पहिली रात्र सोसायटीच्या आवारातच काढा. वॉचमन हसेल, मुले काचेतून डोकावतील. पण पंखा किती आवाज करतो, डास कुठून येतात, मध्यरात्री उठायचे तर कुणाला कुणावरून जावे लागते, हे सगळे तिथेच कळते आणि विसरलेली उशी आणायला फक्त जिना चढावा लागतो. दुसऱ्या दिवशी जे न वापरता पडून राहिले ते घरी ठेवा. तिसऱ्या फेरीनंतर आमची एक पूर्ण पेटी अशी कमी झाली. आता शुक्रवारी रात्री सामान भरायला आम्हाला अर्धा तास लागतो. पाण्याचे कॅन मात्र मी सर्वांत शेवटी चढवतो, कारण त्यांच्या जागेवर, पलंगाखाली, कधी कधी सुपारीची चार रोपे उभी करायची असतात.